तीन पट्ट्यांची फळी

मी पश्चिमेच्या भिंतीवरची फळी बोलतेय. हो, तीच, खिडकीखाली तीन रंगांचे तीन पट्टे मिरवणारी. हसू नका. त्या पट्ट्यांपायी माझ्या जिवावर बेतलं होतं.

माझा जन्म वखारीत, करवतीखाली. तिथून माझ्या बहिणींबरोबर या घराच्या बाहेरच्या भिंतीवर येऊन बसले. ऊन-पाऊस आम्ही झेलायचा आणि "काय सुंदर घर!" हे कौतुक मालकाने ऐकायचं, अशी आमची वाटणी.

काही वर्षांत आमच्या अंगावरचा लेप उडाला, आम्ही काळवंडलो. मालक वैतागला. "सगळ्या फळ्या उपटतो आणि प्लॅस्टिकच्या पट्ट्या ठोकतो. कटकट नको!"

"अहो, बादलीत राहायचंय का आपल्याला?" त्याची बायको म्हणाली. "लाकडाचं तेल लावून बघू या."

"तेल डोक्याला लावा," मालकाचे वडील खुर्चीतूनच गरजले. "भिंतीला ऑइलपेंटच हवा."

मालक गप्प बसतो होय? "लावायचंच असेल तर वॉर्निश. निदान लाकूड दिसेल तरी!"

शेवटी तह झाला. एकाच फळीवर तिन्ही लावायची आणि वर्षभर कुणी बोटही लावायचं नाही. जो पट्टा टिकेल, तो लेप सगळ्या भिंतीला. एकही टिकला नाही तर प्लॅस्टिक. बळीचा बकरा म्हणून माझी निवड झाली.

उन्हाने वॉर्निशचे पापुद्रे निघायला लागले तेव्हा मला डोळ्यांपुढे प्लॅस्टिकच दिसायला लागलं. पण एक दिवस मालक गाडी धुण्याच्या मिषाने आला, इकडेतिकडे बघितलं आणि खिशातून पॉलिशपेपर काढून मला खसाखसा घासायला लागला. घामाघूम झाला, वॉर्निशचा नवा हात मारला आणि शीळ घालत निघून गेला. म्हणे प्लॅस्टिक हवं!

पावसाळ्यानंतर आजोबा, म्हणजे मालकाचे वडील आले, कुंड्यांना पाणी घालायला. त्यांच्या पेंटखाली ओल शिरून फुगे आले होते. ते त्यांनी नखाने फोडले, वर रंगाचा जाड थर थापला आणि अंगठा कुंडीच्या मातीत पुसून साळसूदपणे आत गेले.

सूनबाई तरी कुठे मागे राहणार? तिचं तेल नुसतं फिकट झालं होतं. कपडे वाळत घालता घालता तिने माझ्यावरची धूळ झटकली आणि तेलाचं एक फडकं फिरवलं. चादर झटकायच्या आत काम फत्ते. मला तर मजा वाटायला लागली होती. असे लाड माझ्या बहिणींच्या नशिबी कुठले!

निकालाच्या दिवशी, भर दुपारी, तिघंही शेवटचा हात मारायला आले. तीन बाजूंनी, तीन डबे घेऊन.

"बाबा, तुम्ही झोपला होतात ना?"

"आणि तुझ्या डब्यात काय आहे रे? चहा?"

सूनबाई फडकं पाठीमागे लपवून हसत सुटली. मग तिने नवऱ्याचा हात धरून माझ्यावरून फिरवला. वॉर्निशच्या जागी घासून घासून खळगा झाला होता, पेंटच्या जागी टेंगूळ आलं होतं. तेलाची जागा मात्र सपाट होती.

"तुम्ही किती घासलंत हो?"

"मान मोडली माझी."

"माझं एका फडक्यात भागलं."

"पण टिकलं कुणाचंच नाही," आजोबा म्हणाले आणि मुलाकडे रोखून बघत राहिले. "ठरल्याप्रमाणे बोलव मग प्लॅस्टिकवाल्याला."

मी खिळे घट्ट धरून बसले. मालक हातातल्या पॉलिशपेपरकडे बघत होता.

"एवढं उन्हात उभं राहून घासलं, ते काय भंगारात द्यायला?" तो पुटपुटला. मग बायकोपुढे हात केला. "ते फडकं दे इकडे."

तेव्हापासून दर वर्षी सगळ्या भिंतीला तेल लागतं. कायमचं टिकणारं काही नसतं हो, डब्यावर काहीही छापलेलं असू दे. तुम्ही आपलं असं काही निवडा, जे पुन्हा लावायचा तुम्हाला कंटाळा येणार नाही. आणि लावताना जरा हळू हात फिरवा, आम्हाला गुदगुल्या होतात.