आश्रुबाची न मोजलेली मेंढरे

“आबा, मेंढरं किती? आकडा सांगा, मग लसीची बाटली फोडते,” डॉक्टर करिष्माबाई म्हणाल्या.

“लिवा, हायेत तेवढी.”

कपिलधारच्या डोंगराखाली आश्रुबा साठ वर्षे मेंढरे राखतो, पण आजवर त्याने ती मोजलेली नाहीत. मोजली की घटतात, असे त्याच्या आज्यापासून चालत आलेले. पुरावाही आहे. एकदा एका कारकुनाने बळेच मोजली, तर संध्याकाळी दोन कमी. त्या दिवशी कारकुनाच्या घरातून रश्श्याचा वास येत होता, एवढा भाग आश्रुबा सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

आज मात्र गंमत नव्हती. शेजारच्या वाडीत साथीने मेंढरे पटापट मरत होती. फोडलेली लस दोन तासांत वाया जाते. आकड्याशिवाय बाटल्या फोडायच्या किती? करिष्माबाईंनी बर्फाच्या डब्याचे झाकण लावले. एका मेंढीचा कान धरून मी, त्यांचा मदतनीस, तसाच उभा.

“म्याडम, थांबा,” आश्रुबाची नात सुकन्या म्हणाली. ती बीडला बीएस्सी करते, फिजिक्स घेऊन. “आबाचं समदंच चूक न्हाई. आमच्या पुस्तकातला इलेक्ट्रॉनबी असाच हाय. मोजाया गेलं की त्यो पयल्यासारका ऱ्हात न्हाई. कुठं हाय ते नेमकं धरलं, तर कसा पळतोय ते निसटतं.”

“आपल्या काळ्या बोकडागत,” आश्रुबा खूश झाला. “अन् मोजायच्या आदी कुठं असतो?”

“एका जागी हाय असं म्हनताच येत न्हाई, आबा. थोडा हितं, थोडा तितं.”

“मंग बोकूडच हाय त्यो. पुस्तक लिवनारानं मेंढरं राखली असतील बघ.”

करिष्माबाईंना हसू आले, पण त्या झाकण उघडेनात. “माझ्या फॉर्मात चौकट आहे. तिथं ‘थोडा इथं थोडा तिथं’ लिहू?”

“एक बाटली पन्नास मेंढरांची ना?” सुकन्या म्हणाली. “ सरली की दुसरी फोडा. शेवटचीत काय उरलं त्यावरून आकडा काढा. पन मनात. आबाला सांगू नका.”

आश्रुबाने बराच वेळ दाढी खाजवली. “बाटल्या मोजा. बाटल्यांचं माजं काय न्हाई.”

काटेरी कुंपणाच्या फटीतून एकेक मेंढरू निघाले, टोचून घेऊन बें करत पळाले. दिवस भरलेली एक मेंढी तेवढी बाजूला बांधली. शेवटी करिष्माबाईंनी बाटली उजेडात धरली, तिलाही जमेस धरून तळहातावर आकडा लिहिला आणि मूठ मिटली. आश्रुबा तोवर डोंगराकडे तोंड करून उभा, जणू डोंगर कालच आणून ठेवला होता.

इतक्यात बांधलेली मेंढी व्याली.

करिष्माबाईंनी मुठीकडे पाहिले, कोकराकडे पाहिले आणि खिशात घातलेले पेन पुन्हा काढले. “घटली नाहीत हो, आबा.”

“बदलली का न्हाई पर?”

मग त्याने पटक्याच्या शेवाने कोकराचे नाक पुसले, दोन्ही हातांनी त्याला डोळ्यांसमोर धरले आणि त्याचे तोंड निरखत राहिला. कान, ओठ, कपाळावरचा पांढरा ठिपका. बाकीची सगळी त्याने अशीच, एकेकदा पाहून ठेवली होती.

“झालं,” तो म्हणाला, आणि कोकरू आईपाशी सोडले.