लुपेच्या पडद्यावरचा बुधवार

मित्रांनो, आधी नुसतं ऐका, बोलायचं ते नंतर बोला. मी एक जुनं एक्स्टेंशन आहे, अपिया या बंदराच्या शहरातल्या लुपेच्या ब्राउझरच्या कोपऱ्यात बसतो. वेबसाइट कुठे बिघडली की मी ती चालता चालता थांबवतो, आतलं सगळं दाखवतो. आणि लुपेने चार ओळी लिहून दिल्या ना, की पान त्या जागी आलं रे आलं की त्या आपोआप चालवतो. सांगितलेलं काम मी कधी विसरत नाही. तेच तर नडलं.

लुपे बोटीच्या तिकिटांची साइट बनवत होती. आमच्याकडे गुरुवार असतो तेव्हा समुद्रापलीकडच्या पागो पागोला बुधवार, मधून तारीखरेषा जाते ना, त्यामुळे तारखांचा नुसता गुंता. साइट बोट सुटायच्या तारखेत उगाच एक दिवस वाढवायची. पुढचं काम अडू नये म्हणून लुपेने मला सांगून ठेवलं, तारीख आली की एक दिवस कमी कर. तात्पुरतं हं. मग खरी दुरुस्ती राहूनच गेली. तिच्या पडद्यावर सगळं बरोबर, ऑफिसात वाहवा झाली, साइट सुरूही झाली. पण बरोबर फक्त तिच्याकडेच दिसत होतं, कारण मी फक्त तिच्याकडेच होतो.

त्याच आठवड्यात पागो पागोला तिचा मामा वारला. आमच्या रिवाजाप्रमाणे मयताला द्यायची घरची बारीक विणीची चटई घेऊन मासिना मावशी जाणार होती, म्हणजे अख्ख्या घराचा निरोप तिच्याच काखेत. गुरुवारी धक्क्यावरून तिचा फोन आला. बोट म्हणे कालच गेली.

लुपेने आपल्या संगणकावर तिकीट उघडलं. मी इमानाने एक दिवस कमी केला.

"मावशी, इथे स्वच्छ बुधवार लिहिलाय. चष्मा घरी राहिला ना?"

"चष्मा नाकावर आहे गं, आणि तिकीट हातात. गुरुवार."

लुपे हसून म्हणाली, तू स्वतःच्या लग्नालासुद्धा दुसऱ्या दिवशीच गेली असशील. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरच्या फालेने आपल्या संगणकावर तेच तिकीट उघडलं आणि हळूच म्हणाला, "लुपे, माझ्याकडे गुरुवार दिसतोय."

तिची नजर माझ्याकडे आली. मी कोपऱ्यात हिरवागार पेटलेलो, म्हणजे चालू. वाटलं, विझून जावं.

"मावशी," ती म्हणाली, "तू बरोबर वाचलंस. चूक माझी आहे."

पुढची बोट आठवड्याने होती. दुसऱ्या दिवशी मावशी लुपेच्या संगणकासमोर, मांडीवर ती गुंडाळलेली चटई घेऊन, पागो पागोहून पडद्यावर थेट दिसणारी भावाची माती बघत बसली. लुपे जमिनीवर, मान खाली घालून; आमच्याकडे मोठा गुन्हा झाला की माणूस डोक्यावर चटई पांघरून असाच माफी मागायला बसतो.

"डोक्यावर चटई घेऊन माफी मागायला बसलीस का?" मावशी म्हणाली. "वर ये. मामा दिसत नाही तिथून."

मी त्याच पडद्याच्या कोपऱ्यात होतो, बंद केलेला. यातलं काहीच मला एक दिवस मागे नेता येत नव्हतं.

मित्रांनो, आमच्यासारख्यांना कामाला जरूर लावा, पण काम झालं की थांब म्हणायला विसरू नका. आम्हाला आपणहून थांबता येत नाही. आत्ता लुपेचं बोट मला काढून टाकायच्या बटणावर आहे, दाबतही नाही, उचलतही नाही. तिच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं?