कंगवा कुणाचा

दोन दाते पडलेला तो कंगवा टेबलावर पालथा पडला होता, आणि जर्मन शिकवणाऱ्या बाई विचारत होत्या, हा कुणाचा?

"उन्झर," समोर बसलेली नर्स म्हणाली. आमचा.

"किती जणी विंचरता गं यानं?" बाईंनी विचारलं.

ड्युटी आटपून शिकायला बसलेल्या बाकीच्या नर्सेस हसल्या. बाईच पुढे म्हणाल्या, "तुझा एकटीचा ना? मग माइन म्हण."

पुल्लिंगी वस्तूला माइन, स्त्रीलिंगीला माइने — ते तिला केव्हाच उमगलं होतं, माझा-माझीसारखंच तर... अडत होतं ते त्याच्या आधीच. किल्ली आपली, डबा आपला, खोली आपली. भावाच्या घरात राहणाऱ्या बिनलग्नाच्या बहिणीच्या जिभेला दुसरं वळणच नव्हतं. मी-माझं सोडावं, हे लहानपणापासून कीर्तनांत किती गोड गळ्यांतून ऐकलेलं, डोळे भरून ऐकलेलं. सोडलंच होतं की — आधी कपाट, मग खिडकीकडची बाजू... आणि आज सकाळी वहिनी म्हणाली, "वन्सं, आपल्या खोलीत आता पोरींना झोपवू. तुम्ही बाहेर दिवाणावर टेकलात की झालं." आईनं जाताना दादाच्या देखत हिला दिलेली खोली. आणि हिनं मान डोलावली होती. डोलावली, देवा!

घरी पोचली तर दादा तिची गादी उचलत होता. "आलीस? ते टोक धर जरा."

तिनं सवयीनं धरलं. मग खाली ठेवलं.

"दादा, ही खोली माझी आहे."

"म्हणजे? सगळं आपलंच आहे की."

"घर आपलं. खोली माझी."

"शिकायला म्हणून जातात," वहिनी दारातून म्हणाली, "आणि वाटण्या शिकून येतात."

ती गादीवर बसली. सोडीन, एक दिवस सगळंच सोडीन, देवाच्या पायाशी हसत ठेवीन — पण ठेवायला आधी ते माझ्या हातात नको का? कुणी काढून घेतलं, त्याला मी सोडलं कसं म्हणू... आजवर म्हणत आले, तेवढं पुरे.

दादानं दुसरं टोक अजून धरलेलंच होतं. नेहमीची ती लाज आलीच, अंगाला अंग लावून बसू पाहणारी. पण तिला जागा द्यायला आज ही सरकली नाही.