पाच वर्षं कपाटात

ऑस्ट्रियाच्या डोंगराळ तिरोल प्रांतातल्या एका विद्यापीठात वालबुर्गाबाई अठरा वर्षं शाश्वत पर्यटन शिकवत होत्या. कॅसियनसारखा विद्यार्थी त्यांना एकदाच मिळाला. रोपवे कंपनीच्याच मोजमापांवरून त्याने प्रबंधात दाखवलं, की कंपनीच्या नव्या डोंगरहॉटेलमागचा कडा आतल्या बर्फाने सांधून धरलाय आणि ते बर्फ वितळतंय. निष्कर्ष एका ओळीचा: उन्हाळ्यात हॉटेल बंद ठेवा.

तोंडी परीक्षेला रिवाजाप्रमाणे धंद्यातला एक माणूस बसतो. त्या वर्षी बसले होते रोपवेचे प्लांगरसाहेब.

"झकास काम, पोरा! बाई, पहिला वर्ग द्या, हात आखडू नका. फक्त आकडे आमचे आहेत, तेव्हा नेहमीचं कुलूप घाला. पाच वर्षं."

कंपनीची माहिती वापरलेले प्रबंध असे कपाटात जात. दरसाल दहा-बारा.

"पण साहेब, कडा थांबेल का पाच वर्षं?"

"तो हिमयुगापासून उभा आहे. तुझ्याइतकी घाई नाही त्याला."

सगळे हसले. बाईही हसल्या आणि त्यांनी सही केली. पुढच्या वर्गाची सहल त्याच रोपवेने जायची होती.

कंपनी दिलदार. तिने कॅसियनला त्याच हॉटेलात शाश्वतता अधिकारी नेमलं.

"आत राहून ओरडेन, बाई."

"ओरड, पण बेताने."

दोन वर्षं ओरडून त्याने प्लॅस्टिकच्या स्ट्रॉ बंद करवल्या.

तिसऱ्या ऑगस्टात, भर दुपारी, कडा खाली आला. सकाळपासून दगड सुटत होते. रानफुलं दाखवायच्या बहाण्याने कॅसियनने सगळे पाहुणे खाली नेले होते. मग दोघा स्वयंपाक्यांना आणायला तो पुन्हा वर गेला. तिघेही सापडले नाहीत.

सप्टेंबरात त्याची आई विद्यापीठात आली.

"त्यानं काय लिहिलं होतं, ते वाचायचंय."

"अजून दोन वर्षं बंद आहे हो ते."

"मग पहिलं पान तरी दाखवा. नाव बघते त्याचं."

किल्ली बाईंच्याच खणात होती. पहिलं पान दाखवायला हरकत नव्हती. नियमाप्रमाणे त्यावर नाव आणि खाली सही केलेली कुलपाची सूचना, एवढंच असतं. आईने नावावरून बोट फिरवलं. बोट खाली सरकत सहीपाशी थांबलं.

"ही कुणाची?"

"माझी."

आईने पान उलटलं. बाईंनी हात पुढे केला, मग मागे घेतला. त्या उठल्या आणि कुणी पाहू नये म्हणून त्यांनी दाराला आतून कडी घातली.