सयाजीच्या हातचा मेंढा

सयाजीनं गव्हाणीतली मूठभर पेंड उचलली, नाकाशी नेली आणि तोंड वाकडं करून सुनेच्या पायाशी भिरकावली.

"ही खायाची वस्तू हाय व्हय? तेलाच्या कारखान्यानं पिळून टाकल्याली घाण ही!"

"पामच्या फळातल्या बीची पेंड हाय, मामा." क्रांती बादलीत काकवी कालवत होती. "मक्याच्या भरड्यात थोडी थोडीच घालतो मी."

"घाल की! मेंढरामागं एक रान तुडवलं न्हाईस कधी, आणि मला शिकीव."

हातकणंगल्याच्या त्या शेडमध्ये मधोमध बांबूचं कुंपण घातलं होतं ते याच रागानं. अलीकडं सरकी पेंडीवरचे सयाजीचे मेंढे, पलीकडं तिचे. तिच्या बाजूला तो ढुंकूनही बघायचा नाही. बघण्यासारखं होतंच काय तिथं! सयाजीच्या हातचा मेंढा म्हटलं की गिऱ्हाईक डोळे झाकून न्यायचं, आणि आता या बाईच्या खुळापायी ते नाव मातीत जायची वेळ आली होती. ईदसाठी मेंढा न्यायला दिलदारभाई आले की त्यांच्यासमोरच हिची जिरवायची, हे त्यानं पक्कं केलं होतं.

दिलदारभाई टेंपो घेऊन आले. सयाजीनं मुद्दाम कुंपणाचे बांबू काढले. दोन्हीकडचे मेंढे एकमेकांत मिसळले.

"घ्या निवडून, पावणं. हातानंच बघा."

दिलदारभाईंनी नजर छताकडं ठेवली आणि एकेकाच्या पाठीवरून बोटं दाबत पुढं सरकले. एका तांबड्या मेंढ्यापाशी हात थांबला. त्यांनी पुन्हा दाबून बघितलं.

"वा! काय पाठ भरलीया! ह्यो तुमच्याच हातचा, आबा. इचारायलाच नगो."

मेंढा क्रांतीचा होता. तिनं सासऱ्याकडं बघितलं. सयाजीनं मिशीवरून हात फिरवला.

"व्हय. मग कुणाचा आसणार?"

क्रांती बादली उचलून हौदाकडं गेली. तिनं चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं सयाजीला वाटलं, आणि असं वाटल्याचाही राग आला.

मेंढा टेंपोत चढला.

"खायाला काय घालता ओ?" दिलदारभाईंनी विचारलं.

"सरकी. दुसरं काय!"

"झ्याक! घरात पोतं हायच. आजपासनं पोटभर सरकीच घालतो."

टेंपो सुरू झाला. सयाजी जागचा हलेना. एका दिवसात चारा बदलला की मेंढ्याचं पोट कसं फुगतं, तो पाय कसे झाडतो, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. थुत् तुझ्या जिनगानीवर, असं तो स्वतःलाच म्हणाला.

"थांबा ओ! थांबा!"

तो शेडमध्ये धावला. सुनेनं कालवून ठेवलेल्या खुराकाचं पोतं पाठीवर घेऊन आला आणि टेंपोत टाकलं.

"हे काय, आबा?"

"त्याला ह्येचीच सवय हाय. सरकी घालू नगा."

दिलदारभाईंनी पोत्यात हात घातला, वास घेतला. मग सयाजीच्या तोंडाकडं बघितलं.

"आणि दिवसाला किती घालायचं?"

सयाजीला ठाऊक नव्हतं. मग हौदाकडं तोंड करून त्यानं हाक मारली.

"क्रांते, हिकडं ये गं. तुझा मेंढा चाललाय. कसं चारायचं ते सांग की पावण्यांस्नी."