ब्रेन्सिसच्या नावदिवसाची फुलं

तालिनहून गाडी निघाल्यापासून विझ्मा गुणगुणत होती आणि तेच ऑयार्सच्या डोक्यात जात होतं. आठवडाभर नवऱ्याबरोबर तालिन पालथं घातलं, तेव्हा बाईसाहेबांच्या तोंडून एक सूर निघाला नाही. आज रीगाला परतताना वाटेत तो ब्रेन्सिस लागणार म्हटल्यावर फुटला लगेच कंठ!

"आज त्याचा नावदिवस आहे. उभ्या उभ्या जाऊन येऊ," विझ्मा म्हणाली.

"त्यानं बोलावलंय?"

"नावदिवसाला कोण कुणाला बोलावतं रे? ज्याला आठवण असते तो जातो."

हेच तर! पंचांगात रोज कुणाचं ना कुणाचं नाव असतं, त्या नावाच्या माणसाचा तो सण. ऑयार्सच्या आईचा दिवस हिला दरवर्षी सांगावा लागायचा, आणि ब्रेन्सिसचा मात्र तोंडपाठ. लग्नाआधी दोन उन्हाळे ही त्याच्या होडीतून हिंडली होती. लग्नाला वीस वर्षं झाली, तरी ती मेली होडी ऑयार्सच्या छातीवरून हलत नव्हती.

"बोलत का नाहीस?"

"रस्ता बघतोय."

"रस्ता सरळ आहे. तोंड तेवढं वाकडं आहे."

पार्नूच्या बाजारात तिनं लाल डेलिया घेतले. एकेक फूल उलटंसुलटं करून, निवडून सात.

"माझ्यासाठी कधी एवढं निवडलं नाहीस."

"तुला फुलं आणली की शिंका येतात, राजा," ती हसली आणि धुरावलेला मासा आणायला पुन्हा बाजारात गेली.

ऑयार्स गाडीत एकटा उरला. मागच्या सीटवर तो गुच्छ ऐटीत पडला होता. बघता बघता त्याचं पित्त खवळलं. त्यानं हात मागे घातला, एक डेलिया उपसला आणि कचऱ्याच्या डब्यात भिरकावला. राहिली सहा. सम फुलं फक्त मेलेल्याला नेतात, हे त्यांच्याकडं शेंबडं पोरसुद्धा जाणतं. आता ब्रेन्सिसची बायको फुलं मोजेल, तिचा तिळपापड होईल, आणि त्या घराचं दार विझ्माला कायमचं बंद. जिवाला कसं गार वाटलं! त्यानंतर शीळ घालत होता तो ऑयार्स.

सीमा ओलांडली, सालात्सग्रीवा आलं. एरवी आजच्या दिवशी ब्रेन्सिसच्या फाटकापाशी गाड्यांची रांग असायची. आज चिटपाखरू नव्हतं. दार त्याच्या बायकोनं, झाइगानं उघडलं.

"बरं झालं बाई आलात," ती हळू आवाजात म्हणाली. "या वेळी कुणी फिरकलंच नाही. काय बोलावं हेच लोकांना सुचत नाही."

आत खिडकीशी ब्रेन्सिस बसला होता. भर ऑगस्टात अंगावर घोंगडी, मान काडीसारखी. डॉक्टरांनी हात टेकून घरी पाठवलं होतं.

"मी ठेवतो फुलं पाण्यात," ऑयार्स घाईनं पुढं झाला. पण झाइगानं गुच्छ घेतला होता. एकेक फूल ती फुलदाणीत खोचत गेली आणि शेवटच्याला तिचा हात थबकला.

ब्रेन्सिसनंही मोजली होती. तो हसला. "अरे वा! मला पोचवायलाच आलात की! थांबा जरा, नावदिवसाचा गोड पाव, क्लिंगेर तरी खाऊ द्या. झाइगानं चांगलं केशर घालून भाजलाय."

"सात होती," विझ्मा म्हणाली. "मी मोजून घेतली होती."

तिनं नवऱ्याकडं पाहिलं. एखादं पडलं असेल वाटेत, एवढंच त्याला म्हणायचं होतं. पण जीभ उचलेना आणि कान लालभडक झालेले. विझ्माला आणखी काही विचारावं लागलं नाही. तिनं अंगणातून एक झेंडू खुडून आणला, फुलदाणीत खोवला आणि नवऱ्याला खुणेनं बाहेर बोलावलं.

"तू जा रीगाला. मी राहते इथं. झाइगा एकटीनं किती जागरणं काढणार?"

"किती दिवस?"

"माहीत नाही."

"अगं, तो आजारी आहे हे मला ठाऊक असतं तर..." ऑयार्स रडकुंडीला आला. "तू बोलली का नाहीस?"

"तालिनमध्ये दोनदा तोंड उघडलं. ब्रेन्सिसचं नाव काढलं की तू उठून जायचास. गाडीत गुणगुणत होते ती रडू आवरायला." तिचा आवाज जराही चढला नव्हता. "आणि ठाऊक नव्हतं, म्हणजे धडधाकट माणसाच्या मरणाची फुलं आणलीस ना?"

आतून ब्रेन्सिसची खोल गेलेली हाक आली, "अगं, ऑयार्सला घेऊन ये ना आत! क्लिंगेर कापतोय."

"तो निघालाय," विझ्मा म्हणाली, आणि आत जाऊन तिनं दार लावून घेतलं.