मूठभर रात्रीचा भात

मित्रांनो, पोंभुर्ण्याच्या पुढे जंगलाला लागून आमचे गाव आहे. गावच्या शाळेत सहावीच्या वर्गात आलात, तर खिडकीजवळच्या बाकावर मी बसलेला दिसेन. मी मृदंग आहे. शिवणीच्या लाकडाचा, जुना, पोटावर एक तडा गेलेला. या वर्षी मी नदीत वाहून जाणार होतो. ते कसे टळले, ते तुम्हाला सांगतो.

मला वाजवणाऱ्या लटारूभाऊच्या वडिलांच्या बांधावर शिवणीचे मोठे झाड होते. एका वादळात ते पडले. लोक म्हणाले, दारे-खिडक्या करा. वडिलांनी बुंध्याचा एक तुकडा वेगळा ठेवला आणि सुताराकडून तो आतून कोरून घेतला. अकरा दिवस लागले. मूलच्या बाजारातून कातडे आले, वाद्या आल्या. मला दोन तोंडे मिळाली. उजवे लहान, त्यावर काळी शाई आहे, ती कायमची. डावे मोठे, ते कोरे. वाजवण्याआधी दरवेळी त्या डाव्या तोंडावर लेप लावावा लागतो आणि वाजवून झाले की खरवडून काढावा लागतो. गव्हाच्या मुलखात त्यासाठी कणीक लावतात. आमचा मुलूख धानाचा. आम्ही भात आणि राख एकत्र मळून लावतो. तो लेप नीट बसला, तरच माझा आवाज खोल जातो. नाहीतर मी नुसता डबा.

दिवाळी झाली, धान घरात आले की गावात दंडार उभी राहते. नाच, गाणी, सोंगे, आणि मध्ये मी. वडिलांनंतर लटारूभाऊ मला वाजवू लागला. सुरुवातीची काही वर्षे माझा आवाज बेताचाच होता. लेप अर्ध्या दंडारीत सुकायचा, त्याच्या खपल्या पडायच्या आणि लटारूभाऊ मध्येच उठून दुसरा गोळा लावायचा.

मग चंदाबाई लग्न होऊन घरात आली. लेपाचा गोळा करून देण्याचे काम तिच्याकडे आले. दुसऱ्या वर्षी एका सकाळी तिला उठायला उशीर झाला. ताजा भात शिजवायला वेळ नव्हता. तिने रात्रीचा उरलेला भात घेतला. तो पाण्यात घालून ठेवलेला होता. पाणी निथळून, राख घालून तिने तो मळला आणि काही न बोलता गोळा नवऱ्याच्या हातात दिला. त्या दिवशी माझा लेप शेवटपर्यंत जागचा हलला नाही.

तेव्हापासून दंडारीच्या आदल्या रात्री ती तांब्यात मूठभर भात पाण्यात घालून ठेवी. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, जात्याच्या मागे, वर झाकण. माझी खुंटी मधल्या खोलीत होती, तिथून मला तो तांब्या दिसे. लटारूभाऊला तिने हे कधी सांगितले नाही. त्याला कारण होते. वाजवण्याआधी माझी पूजा होते. हळद-कुंकू, नारळ, उदबत्ती. पूजेच्या वस्तूला शिळे लावले असे कळले असते, तर सासूने तिला घराबाहेर उभे केले असते. पुढे सासू गेली, पण न सांगण्याची सवय राहिली.

लोक म्हणायचे, लटारूचा मृदंग बोलतो. लटारूभाऊ मिशीला हात लावून म्हणे, "हात पाह्यजे, हात!"

चंदाबाई चुलीजवळून म्हणे, "हो वो, हातच तर आहे. बाकी काही नाई."

आणि एकटीच हसे. ती का हसते, ते फक्त मला माहीत होते.

अशी तीस वर्षे गेली. त्यांना मूलबाळ नव्हते. गेल्याच्या गेल्या वर्षी धानाची कापणी सुरू असताना चंदाबाईला ताप आला. पंधरा दिवसांत ती गेली. त्या वर्षी मी खुंटीवरच राहिलो. पुढच्या दिवाळीला दंडारीची माणसे बोलवायला आली, तेव्हा लटारूभाऊने मला खाली काढले. पहाटे उठून स्वतः भात शिजवला. वाफ निघत असलेलाच राखेत मळला आणि माझ्या तोंडावर लावला. गोळा घसरला. दुसरा लावला, तो सुकून तडकला. थाप मारली तर आवाज आला, थप्प.

त्याने लेप खरवडून काढला. मग दारात उभ्या असलेल्या माणसांना म्हणाला, "जा बापा तुम्ही. चंदासंगं याचाबी आवाज गेला."

मित्रांनो, माझा आवाज गेला नव्हता. कुठे आहे, तेही मला माहीत होते. पण मला बोलायचे तर दुसऱ्याच्या हाताने बोलावे लागते. मी परत खुंटीवर गेलो. वाद्या सैल पडल्या. पोटात कोळ्याने जाळे केले. लटारूभाऊ सकाळी एकदा भात शिजवी आणि दोन्ही वेळा तोच खाई. दिवसभर कोणाशी बोलत नसे.

अशात एक दिवस शाळेच्या नूतन मॅडम घरी आल्या. चंद्रपूरच्या एका संस्थेने आणि शाळेने मिळून ठरवले होते, की आसपासच्या कलाकारांनी दर शनिवारी सकाळी वर्गात येऊन मुलांबरोबर काम करावे. एक कलाकार दोन महिने. बांबूच्या टोपल्या विणणारा धनराज येऊन गेला होता. आता दंडारीचा वादक हवा होता.

"मी काय शिकवू, मॅडम?" लटारूभाऊ म्हणाला. "माह्यी शाळा तिसरीतच सुटली. मास्तरनं काढलं नाई, मीच पळालो."

"मग आता परत या. कोणी रागावणार नाही."

"धनराज म्हने, कागदावर सर्टिफिकेट मागतेत."

मॅडमनी माझ्याकडे बोट दाखवले. "ते काय, खुंटीवर टांगलं आहे."

"त्याचा आवाज गेला."

"मग मुलांना तेच सांगा, भाऊ. कसा होता, ते सांगा."

 त्या शनिवारी त्याने मला पुसले, खांद्यावर घेतले आणि शाळेत नेले.

पहिला तास फसला. लटारूभाऊला तास म्हणजे किती, हे ठाऊकच नव्हते. त्याने आधी माझी पूजा केली. मग गणाचे गाणे म्हटले, ते दंडारीत म्हणतात तसे पूर्ण. मग घरून आणलेला ताजा भात मळायला घेतला. तो लेप लावून पहिली थाप मारणार, एवढ्यात घंटा झाली. तरी मुले उठली नाहीत. थाप पडली. थप्प.

मागच्या बाकावरचा मिथुन म्हणाला, "आबाजी, हा तर आमच्या घरचा पिपा आहे!"

वर्ग हसला. मला वाटले, संपले. पण लटारूभाऊही हसला. चंदाबाई गेल्यापासून पहिल्यांदाच. म्हणाला, "पिपा बरा रे लेका. त्यात पानी तरी राह्यते."

मग त्याने मुलांना सांगितले की हा असा नव्हता. भाताचा गोळा त्याची बायको करायची आणि तो कसा करायची, हे त्याने तीस वर्षांत एकदाही विचारले नाही.

नूतन मॅडमनी फळ्यावर एक तक्ता आखला. तांदूळ कोणता, राख कशाची, लेप किती मिनिटे टिकला, आवाज कसा. शेवटचा रकाना, कोणी शोधले. तो रिकामाच ठेवला. दर शनिवारी एकाच्या घरून भात आणायचा असे ठरले. मुले कामाला लागली. मयुरीने एचएमटी तांदळाचा भात आणला, सात मिनिटे टिकला. कोणी रेशनच्या तांदळाचा आणला, चार मिनिटे. कोणी लाकडाची राख, कोणी धानाच्या कोंड्याची. मिथुनने एकदा खिचडी आणली. माझे तोंड पिवळे झाले आणि माश्या बसल्या.

"याले हळद लागली, आबाजी. याचं लगन करून टाका!"

या सगळ्यात लटारूभाऊने मुलांना बाकावर हाताने बोल वाजवायला शिकवले. वर्ग तालात आला. मीच तेवढा मुका होतो. आणि सगळे एकच चूक करत होते. सगळ्या आया पहाटे उठून, अंघोळ करून, मृदंगाचा भात म्हणून वेगळा, ताजा भात शिजवून देत होत्या. माझा मान राखत होत्या. त्या मानापायी मला आवाज मिळत नव्हता.

सहाव्या शनिवारी लटारूभाऊ मॅडमना हळूच म्हणाला, "आता पुरे. पोट्ट्यांचे हात चांगले झाले, मी खूश आहे. पुढचा शनिवार शेवटचा. मंग याले वैनगंगेत सोडून येतो. मुका मृदंग घरात ठेवू नये. मले पाहवत नाई."

मॅडमनी खूप समजावले. तो ऐकेना.

शेवटच्या शनिवारी भात आणायची पाळी दिव्यानीची होती. तेव्हा मोहाची फुले गळायला लागली होती. मोहाच्या दिवसांत आमच्या गावातल्या बाया उजाडायच्या आधीच टोपल्या घेऊन जंगलात जातात. दिव्यानीची आईही गेली. चूल पेटलीच नव्हती. गंजात, म्हणजे पातेल्यात, रात्रीचा भात पाण्यात होता, तिच्या न्याहारीसाठी ठेवलेला. शेवटचा शनिवार. रिकाम्या हाताने कसे जायचे? तिने तोच भात निथळून डब्यात भरला आणि कोणाला काही सांगितले नाही.

वर्गात तिने मान खाली घालून भात मळला. कोंड्याची राख थोडी थोडी घातली. तिचा हात माझ्या तोंडावर लागला आणि मी ओळखले. तो गारवा, तो चिकटपणा. लेप बसला.

लटारूभाऊने सवयीने थाप मारली.

घूम.

आवाज भिंतीला लागून परत आला. बाहेर व्हरांड्यात पाचवीच्या मुलांनी माना वळवल्या. लटारूभाऊचा हात तसाच वर राहिला. मग त्याने पुन्हा थाप मारली, आणि पुन्हा. मग दोन्ही हातांनी दंडारीची चाल वाजवायला लागला. पाच मिनिटे, दहा मिनिटे, पंधरा मिनिटे. लेप हलला नाही.

तो थांबला तेव्हा मॅडम खडू घेऊन फळ्याजवळ गेल्या. "दिव्यानी, तांदूळ कोणता?"

दिव्यानीने रिकामा डबा पाठीमागे लपवला. मॅडमनी परत विचारले, तशी तिच्या डोळ्यांत पाणी आले. "मॅडम, शिळा आहे. रातचा. आई मोहाले गेली होती."

"शिळा?" मिथुन उभाच राहिला. "तू पूजेच्या मृदंगाले शिळं चारलं?"

"चूप बस!" लटारूभाऊ एवढ्या जोरात बोलला की मिथुन मटकन खाली बसला. मग लटारूभाऊ दिव्यानीकडे वळला. त्याचा आवाज एकदम खाली आला. "पान्यात होता का, बाई?"

"हो."

"रातभर?"

"हो, आबाजी. मले रागवू नोका."

लटारूभाऊ बाकावर बसला. तो बोलला, ते मुलांशी की स्वतःशी, कळले नाही. "जात्याच्या मांगं तांब्या राहे. झाकलेला. मी म्हनो, कोंबड्यांसाठी ठेवते." मग म्हणाला, "माय गेल्यावर आमी दोघंच खानारे. ती मोजून दोघांपुरता शिजवे. कधी दाना उरत नव्हता. मंग तांब्यात भात कुठून येये?"

त्याने हाताला लागलेली राख पुसली.

"दंडारीच्या आदल्या रात्री ताटावरून लवकर उठे. मी म्हनो, काऊन वो, जेवली नाईस? म्हने, माह्यं पोट भरलं."

मित्रांनो, हे मलाही माहीत नव्हते. ती दोघे मागच्या अंगणात जेवायला बसत. मला तांब्या दिसायचा, ताट दिसत नसे. तीस वर्षे माझ्या आवाजाची वाहवा झाली. तो आवाज त्या बाईच्या वाट्याच्या भाताचा होता.

नूतन मॅडमनी तक्त्यात लिहिले, रात्रीचा भात, पाण्यातला, कोंड्याची राख. शेवटच्या रकान्यापाशी त्या थांबल्या. लटारूभाऊ म्हणाला, "तिथी या पोरीचं नाव लिवा."

दिव्यानी डोळे पुसत म्हणाली, "मी नाई शोधलं. चंदाआजीनं शोधलं."

मॅडमनी दोन्ही नावे लिहिली. आधी चंदा, मग दिव्यानी. लटारूभाऊला वाचायला वेळ लागतो. तो उठून फळ्याजवळ गेला आणि पहिल्या नावाच्या अक्षरांवरून, न पुसता, बोट फिरवत ते वाचले. मग परत येऊन माझ्यापुढे मांडी घालून बसला आणि मुलांना म्हणाला, "हात ठेवा बाकावर. पहिल्यापासून."

वैनगंगेचे नाव पुन्हा निघाले नाही. दोन महिने संपले, तरी तो दर शनिवारी येतो. आता मी शाळेतच राहतो. शुक्रवारी रात्री कोणा एकाच्या घरी माझ्यासाठी मूठभर भात पाण्यात पडतो. मिथुनची पाळी असली की तो ऐटीत सांगतो, "आज माह्या घरचं शिळं आहे!" पूजा अजून होते. पण आधी लेप आणि मग हळद-कुंकू, कारण तास पस्तीस मिनिटांचाच असतो.

मित्रांनो, तुमच्याही घरात असे एखादे वाद्य टांगलेले असेल. त्याला नुसता हार घालू नका, खाली काढा, वाजवा. ते वाजवणाऱ्या माणसाला वर्गात बोलवा. त्याचे हात बघालच. पण त्याच्या मागे घरात कोण उभे असते, तेही त्याला विचारा. आणि तुमच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात एखादा झाकलेला तांब्या दिसला, तर तो कोणासाठी ठेवला आहे, हे ठेवणाऱ्या माणसालाच विचारा. ते माणूस घरात आहे, तोवर विचारा.